काका, तुमचा वाफसा अजून शेडच्या दारावर आहे

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

शाळेतल्या पत्रलेखनाच्या पाच मार्कांनंतर ही चार अक्षरं आज पहिल्यांदा लिहितोय. इंग्रजी मेल लिहून लिहून हात बिघडलाय, सांभाळून घ्या. यंदाच्या हंगामात मी जेवढ्या मेल पाठवल्या, त्यांतल्या निम्म्यांचा मजकूर एकच होता: मैदानात पाणी साचल्यामुळे आजचा सामना रद्द.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. तुमचा फोन तुमच्याकडे कमी आणि पुतण्याकडे जास्त असतो. त्याने ते पारावर मोठ्याने वाचावं. काका लंडनला काय करतात, असं गावातल्या कुणी विचारलं, की तुम्ही "काय न्हाई, फिरायला जातो" म्हणता. ते खोटं आहे, हे त्यांनाही कळू दे.

तुम्ही जत्रेला गेलात आणि इकडे आपल्या फुटबॉल क्लबचा बक्षीस समारंभ झाला. सर्वोत्तम खेळाडू, सर्वाधिक गोल वगैरे आटोपल्यावर शेवटी एक कप असतो, 'क्लबचा माणूस' म्हणून. तो खेळणाऱ्याला मिळत नाही. कुंपण रंगवणाऱ्याला, गेटवर पैसे घेणाऱ्याला, जर्सी धुणाऱ्याला मिळतो. यंदा त्याच्यावर तुमचं नाव कोरलंय, आणि ते बरोबर कोरलं जावं म्हणून मी दुकानात दोनदा स्पेलिंग सांगितलं. तुमच्या वतीने कप मी घेतला, चार वाक्यं बोललो, टाळ्याही पडल्या. पण सांगायचं होतं ते राहूनच गेलं, कारण त्यातला मुख्य शब्द इंग्रजीत नाही. म्हणून हे मराठीत.

पारावरच्या मंडळींसाठी थोडं. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे तीन विभाग मिळून 92 क्लब होतात. टीव्हीवर दिसतात ते बहुतेक हेच. त्यांच्या खाली जे सगळं सुरू होतं त्याला नॉन-लीग म्हणतात. नाव फसवं आहे. लीग असतात, उलट भरपूर असतात, एकाखाली एक. आमचा क्लब वरून मोजत आलं तर दहाव्या थराला. गोलकीपर रात्रपाळीला गोदामात असतो, मधल्या फळीत एक शिक्षक आणि एक प्लंबर. करार कुणाचाच नाही, पेट्रोलचे पैसे सुटले तर सुटले. चेअरमन, मॅनेजर, चहाची खिडकी चालवणाऱ्या बाई, सगळे आपापली नोकरी सांभाळून. आणि मी सेक्रेटरी. मुलाला लहान गटात खेळायला घेऊन आलो होतो, वार्षिक सभेत चुकून शेवटपर्यंत बसलो, आणि सेक्रेटरी कोण होणार म्हटल्यावर सगळे आपापले बूट बघायला लागले. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की दुकानं बंद करून येणाऱ्या माणसांत वाढलो. मला बूट बघता आले नाहीत.

सेक्रेटरी म्हणजे काय, ते तुम्ही मला एकदा विचारलं होतं. "चिठ्ठ्या लिहिणारा" असं तुम्हीच मग ठरवलंत. तसंच आहे. खेळाडूंची नोंदणी, रेफ्रींना फोन, पाहुण्या संघाला कळवणं, दिवे तपासून घेणं, दंड भरणं. पण खरी कसोटी मार्च-एप्रिलमध्ये लागते, कारण हिवाळ्यात न झालेले सगळे सामने तेव्हा एकदम अंगावर येतात. लीगला हंगाम एप्रिलअखेर संपवायचा असतो. शनिवार, मंगळवार, गुरुवार, पुन्हा शनिवार. मंगळवारी प्लंबरला उशीर, गुरुवारी शिक्षकाची पालकसभा. असे सामने अकरा माणसं मैदानात उतरली यावरच अर्धे जिंकलेले असतात.

आणि हा हिवाळा साधा नव्हता. ऑक्टोबर 2022 ते मार्च 2024 हे अठरा महिने इंग्लंडच्या 1836 पासूनच्या नोंदींतले सगळ्यांत ओले ठरले. आकडा नंतर कळला. आम्हाला तो चिखलावरून आधीच कळला होता.

जानेवारीतला तो शनिवार तुम्हाला आठवत असेल. सकाळी दहाला रेफ्री येऊन बघणार होते. आम्ही सातजण बागकामाचे काटे घेऊन मैदानाला भोकं पाडत होतो. इथे ही रीतच आहे. पाणी साचलं की क्लबची माणसं काटे घेऊन येतात आणि रुतवत राहतात. मैदान सांभाळणारे आपले आजोबा (तुम्ही त्यांना म्हातारा म्हणता, ते तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत) पलीकडे रूळ फिरवत होते, खड्डे दाबायला. तुम्ही कुंपणाबाहेर, कानटोपी, हातात दुधाची पिशवी. मला मराठीत फोनवर बोलताना ऐकलंत आणि सरळ आत आलात.

"ओल्या रानात रूळ फिरवताय? रान आवळून टाकाल की."

नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मी कसनुसं हसलो. मग तुम्ही विचारलंत, "हितलं पाणी जातं कुठं?"

काका, दोन वर्षं सेक्रेटरी असून मला हा प्रश्न पडला नव्हता. पाणी येतं कुठून, हे मला ठाऊक होतं. हवामानाचं ॲप तासातासाला बघत होतो. ते जातं कुठे, हे कुणीच विचारलं नव्हतं.

रेफ्री आले, चेंडू टाकून बघितला, तो उसळला नाही, सामना रद्द झाला. पाहुण्यांची बस निघाली होती, ती अर्ध्यातून परतली. चहावाल्या बाईंनी पावांची पाकिटं घरोघर वाटली. तुम्ही मात्र गेला नव्हतात. दूरच्या गोलमागे झुडपांत वाकून काहीतरी बघत होतात, दुधाची पिशवी फांदीला अडकवलेली.

तिथे चर होता. म्हणजे पूर्वी असावा. मैदानाखाली जुने मातीचे पाइप आहेत आणि ते सगळे त्या चरात उतरतात, हे आजोबांना माहीत होतं. पण त्यांचा गुडघा गेल्यापासून त्या उतारावर ते गेले नव्हते, आणि त्यांना विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. चराची हद्द क्लबची नव्हे. ज्यांची होती त्या कार्यालयाला मी नंतर तीन मेल टाकल्या. पहिलीला आपोआप येणारं उत्तर आलं, पुढच्या दोन्हींना तेही नाही. चौथी लिहायच्या आत तुम्ही रविवारी सकाळी गमबूट आणि फावडं घेऊन हजर. परवानगीचं काय, म्हटलं, तर म्हणालात, "पाण्यानं घेतली हुती का परवानगी?"

दोन रविवार लागले. कुजलेला पालापाचोळा, मुळ्या, एक ट्रॉली, बाटल्या. आणि मोठ्या पाइपाच्या तोंडाशी, मुळ्यांच्या जाळ्यात घट्ट बसलेले सात फुटबॉल. प्रत्येक हंगामात गोलच्या आडव्या दांडीवरून उडालेले, "जाऊ दे, नंतर बघू" म्हणून सोडलेले. आमच्याच चेंडूंनी आमच्या मैदानाला बूच मारलं होतं. सातवा निघाला तेव्हा पाइपाने जो घुटका घेतल्यासारखा आवाज केला, त्यावर आजोबा हसले. त्या हिवाळ्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. (त्यांतले दोन चेंडू चेअरमननी वाळवून सरावाला घेतले. तुम्ही नको म्हणाला होतात, पण चेंडूच्या किमती तुम्हाला माहीत नाहीत.)

एवढ्यावर थांबला असतात तरी कप तुमचाच होता. पण खरी गोष्ट पुढची.

चर मोकळा झाला तरी मैदान लगेच सुधारलं नाही. पश्चिम लंडनची ही चिकण माती, पाणी धरून बसते. फेब्रुवारीतही आभाळ फाटलेलंच होतं. आजोबांची सवय अशी, की सामना जवळ आला की काहीतरी करायचंच. रूळ फिरव, वाळू टाक, काटे मार. हात स्वस्थ बसले की त्यांना गुन्हा केल्यासारखं वाटतं. तुम्ही त्यांना स्वस्थ बसवलंत. रोज सकाळी दोघे मैदानाच्या मध्यावर. तुम्ही मूठभर माती उकरायची, लाडू वळायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. चपटा झाला तर मान हलवायची आणि दोघांनी शेडमध्ये चहा प्यायला जायचं. फुटून विखुरला तर तुम्ही म्हणायचात, "आला. वाफसा आला." मग रूळ, मग काटे, मग रेषा.

हे इंग्रजीत सांगायचं काम माझ्यावर आलं. ओली नाही आणि कोरडीही नाही अशी माती, म्हटलं. मग म्हटलं, पाणी निचरून हवा खेळायला लागलेली माती. मग हात टेकले आणि म्हटलं, औत घालावं अशी झालेली जमीन. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चाळीस वर्षं मी हेच बघतोय. तुमच्याकडे त्याला एक शब्द आहे?" त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. मला एकदम श्रीमंत असल्यासारखं वाटलं, जणू तो शब्द मीच कमावलाय. खरं तर मी पेठेतला. वाफसा मला भूगोलाच्या पुस्तकापुरता ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडू दिला आणि शेडच्या दारावर लिहायला लावलं. मी देवनागरीत लिहिलं. खाली त्यांनी स्वतःला कळेल असं इंग्रजीत उच्चार लिहिला. आता ते 'वॉफ्सा' म्हणतात. मॅनेजर शनिवारी सकाळी फोन करून सामना होईल का असं विचारत नाही, वॉफ्सा आहे का विचारतो.

मार्चच्या मध्यापासून हंगामाच्या शेवटपर्यंत सहा आठवड्यांत आमचे चौदा सामने झाले, त्यांतले नऊ घरच्या मैदानावर. एकही रद्द झाला नाही. शेजारच्या क्लबचं मैदान तळं झालेलं, त्यांचे दोन सामने आपल्याकडे झाले, आणि त्या दोन रात्रींच्या बारच्या गल्ल्यातून दिव्यांचं थकलेलं बिल निघालं. खेळ काही फार सुंदर झाला असं मी म्हणणार नाही. एका मंगळवारी आपण पाच गोल खाल्ले. गोलकीपर थेट कामावरून आला होता आणि तिसऱ्या गोलला तो जागा होता की नाही यावर अजून वाद आहे. पण सामने झाले. पावाची पाकिटं पुन्हा घरोघर वाटावी लागली नाहीत.

शेवटच्या शनिवारी बरोबरी झाली तरी आपण या थरात टिकणार होतो, हरलो तर दुसरीकडच्या निकालावर डोळे. तुम्हाला हे सगळं मी दोनदा समजावलं होतं. तरी 85 व्या मिनिटाला, दीडशे माणसं श्वास रोखून उभी असताना, मी वळून पाहिलं तर तुम्ही खेळाकडे पाठ करून चराच्या कडेला उभे. पाणी वाहतंय का बघत. शिट्टी वाजली, एक-एक, लोक आत धावले, शिक्षकाला खांद्यावर घेतलं. तुम्ही आलात आणि विचारलंत, "संपलं का? मग आता रानाला विसावा द्या." ऑफसाइड तुम्हाला अजून कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही दिसत नाही.

मग ते यंत्राचं भांडण. हंगाम संपला की मैदानाची खरी मशागत: मेलेलं गवत खरवडून काढायचं, खोल दाभणं रुतवून माती मोकळी करायची, वर वाळू, मग राय गवताचं बी. भाड्याचं यंत्र सोमवारी येणार होतं. पैसे भरलेले. रविवारी पुन्हा पाऊस. सोमवारी तुम्ही लाडू टाकला, चपटा झाला, आणि तुम्ही यंत्र परत पाठवा म्हणालात. खजिनदारांचा चेहरा मी विसरणार नाही. मीही त्यांच्याच बाजूने होतो, हे आज कबूल करतो. तुमच्यासमोर गप्प राहिलो एवढंच. तुमच्या बाजूने एकटे आजोबा उभे राहिले. हात पाठीमागे बांधून, यंत्रवाल्याला म्हणाले, वॉफ्सा नाही. तो बिचारा काहीतरी सरकारी नियम असेल असं समजून निघून गेला. शनिवारी परत आला, जादा पैसे न घेता.

रविवारी बी पडलं आणि बुधवारी तुमचं विमान. तेव्हा पुढचं ऐका, कारण याच्यासाठीच फोनवर तीनदा विचारलंत म्हणे. मे महिना उबदार निघाला. नवव्या दिवशी सकाळी आजोबांचा फोन, लगेच ये. गेलो. उन्हं तिरकी होती, त्यामुळे दिसलं: अख्ख्या मैदानावर हिरवी लव. दूरच्या गोलपाशी, जिथे जानेवारीत पाण्यात बदकं पोहत होती, तिथे सगळ्यांत दाट. आजोबा दोरी बांधून राखण करतायत. चेअरमनच्या नातवाला सुद्धा आत सोडत नाहीत.

कप माझ्याकडे आहे, देव्हाऱ्याशेजारी. बायको म्हणते तिथे नको, पण दुसरीकडे मांजर पाडतं.

जुलैत सरावाचे सामने सुरू होतील. त्याआधी या. येताना काकूंच्या हातची चटणी आणा, आजोबांनी मागितलीय. चहाच्या खिडकीतल्या चिप्सवर टाकून खायची त्यांना सवय लागलीय. गमबूट शेडमध्येच आहेत. डाव्या बुटात उंदराने घर केलंय, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय त्याला काढायचं नाही असं ठरलंय.

तुमचा,
चिठ्ठ्या लिहिणारा