पाचव्या रकान्याबद्दल: परळच्या पाळणाघरातल्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

एक्झिमा (त्वचेवर खाजरे, कोरडे चट्टे) असलेल्या मुलाचं पोट बिघडलं की पहिला वार दुधावर होतो. तुम्ही आधी वही आखलीत: वेळ, पोटात काय गेलं, शी कशी झाली, अंगावर काय दिसलं. पाचवा रकाना औषधांचा. तो आम्ही सांगितलाही नव्हता. हे पत्र उघड लिहितोय ते इतर पाळणाघरांनीही तो आखावा म्हणून.

दोन वर्षांच्या मुलाची शी घट्ट का झाली, याचं उत्तर तिथेच सापडलं. खाजेसाठी रात्री हायड्रॉक्सिझिन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवसापासून शीच्या रकान्यात ‘खडा’ येऊ लागला. या औषधानं तोंड कोरडं पडतं, आतडी मंदावतात. त्यात दिवसाला ८०० मिली दूध! या वयात ५०० मिलीच्या वर दूध गेलं की जेवणाला जागा उरत नाही, शी घट्ट होते, लोहही कमी पडतं. इथे दूध तोडायचं नव्हतं, मोजायचं होतं.

सात महिन्यांच्या बाळाची पानं वेगळी. डब्याचं दूध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत ‘शेंबडासारखी शी, रक्ताची रेघ’, आणि गालावरचं चट्ट्याचं पाणी थांबेना. हा संशय दुधातल्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा. अशा वेळी म्हशीचं किंवा बकरीचं दूध देऊन सुटका नाही. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांसारखीच असतात. लॅक्टोज-फ्री दुधात फक्त साखर फोडलेली असते, प्रथिन जसंच्या तसं. म्हणून प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास दूध दिलं, आणि बिस्किटाच्या पुड्यावर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स हे दुधाचेच शब्द शोधायचं काम तुमच्याकडे आलं. साजूक तुपातही प्रथिनाचा अंश राहतो, हे घरच्यांना पटवणं सगळ्यात जड गेलं असणार.

दुधाचं पथ्य २ ते ४ आठवडे, मग दूध पुन्हा देऊन पाहायचं. हे पुन्हा देऊन पाहणं टाळलं तर गुण पथ्याचा की मलमाचा, कळत नाही. मात्र एक्झिमाच्या मुलात मध्ये खंड पडल्यावर तेच दूध दिलं की कधी लगेच पित्त उठतं, उलट्या होतात, श्वास लागतो. म्हणून ही चाचणी घरी किंवा पाळणाघरात नाही, डॉक्टरांसमोरच. ‘थोडं चाटवून बघू का’ म्हणणाऱ्या आजीला तुम्ही थांबवलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

टोमॅटोच्या साराची नोंद आम्ही शिकाऊ डॉक्टरांना दाखवतो: ‘फक्त हनुवटीवर लाल, पुसल्यावर तासाभरात गेलं.’ ही ॲलर्जी नव्हे, आंबटानं चुरचुरलेली त्वचा. भरवण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलीनचा पातळ थर पुरतो. तोंडाभोवती आणि शीच्या जागी दोन्हीकडे चट्टे, सोबत जुलाब, असं दिसलं तर मात्र वाट पाहू नका. झिंकची कमतरता अशीच दिसते आणि एक्झिमा समजून मलमं लावली जातात.

आयजीजी पॅनेलचा (वेगवेगळ्या पदार्थांविरुद्धची रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं मोजणाऱ्या तपासणीचा) तो महागडा रिपोर्ट, ज्यात भात, तूरडाळ, केळं सगळंच लाल होतं, तो बाजूला ठेवला. त्यावरून पथ्य ठरत नाही.

वही या पत्रासोबत परत करत आहोत. दोन पानांची झेरॉक्स ठेवली आहे. नव्या वहीत सहावा रकाना आखाल का? महिन्यातून एकदा वजन. पथ्यावरच्या मुलाचं ते आधी थांबतं.

आपले,
बालरोग विभागातील डॉक्टर व आहारतज्ज्ञ