शेजारच्या आजींना

प्रिय आजी,

इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून मीही तुम्हाला नावानेच हाक मारत आले. मनात मात्र पहिल्यापासून आजीच. मराठीतलं हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे मला. पण इंग्रजीत लिहायला बसले की 'थँक यू सो मच'च्या पुढे गाडी सरकत नाही. शिवाय इथे फ्लोरिडात, टँपा बेच्या आसपास आपली मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यांनी वाचलं तरी पुरे. काल तुमच्या घरासमोर 'विकणे आहे'ची पाटी दिसली आणि राहवलं नाही.

२०२४ चा जून. सेंट पीटर्सबर्गच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. बुटांचा रिकामा खोका काखेत मारून तुम्ही दारात उभ्या. ना ओळख, ना पाळख, थेट प्रश्न : "तुमचा इव्हॅक्युएशन झोन कुठला?" म्हणजे चक्रीवादळ आलं की घर सोडून कोणी आधी निघायचं, त्यासाठी पाडलेला विभाग. मी म्हटलं, बघून सांगते. तुम्हीच म्हणालात, "ए. म्हणजे निघा म्हणतील तेव्हा सगळ्यांत आधी तुम्ही निघायचं. वाऱ्यापासून लपायचं, पाण्यापासून पळायचं."

खरं सांगू? मला राग आला होता. बाहेर लख्ख ऊन, आणि ही बाई आल्या आल्या पळायच्या गोष्टी करतेय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सगळे निर्धास्त होते. टँपाला १९२१ नंतर मोठं वादळ थेट लागलेलंच नाही, इथल्या मूळ रहिवाशांची पुरातन दफनटेकाडं गावाची राखण करतात, वगैरे. विम्याच्या एजंटनेही फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "सगळं कव्हर होतं, निश्चिंत राहा." तुम्ही ती पॉलिसी माझ्यापुढे ठेवलीत आणि पुराबद्दल काय लिहिलंय ते मलाच शोधायला लावलंत. सापडलं. काय काय भरून मिळणार नाही, त्या यादीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारण ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे टीव्हीवर वादळाचं नाव ऐकून धावत सुटणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्या एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. बाकी त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

माणशी रोजचं एक गॅलन पाणी, औषधं, कागदपत्रं, हे सगळं तुम्ही भराभर सांगून टाकलंत. पण तुम्ही माझं एकही काम स्वतः केलं नाहीत. पेन माझ्या हातात, फोन माझ्या हातात. घरभर फिरून प्रत्येक कपाट उघडून व्हिडिओ काढायचा होता, नंतर विम्याला दाखवायला. तुम्ही नुसत्या मागे मागे चालत होतात.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापाशी आलो आणि तुम्ही थांबलात. पायांतल्या चपला काढल्यात. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मग हळूच विचारलंत, "हे व्हिडिओत घ्यायचं, की सोबत न्यायचं?" मी म्हटलं, सोबत. तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदाच तुम्ही माझ्या हातातलं पेन घेतलंत आणि यादीत सगळ्यांत वर, पासपोर्टच्याही वर, तुमच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंत : 'देव – दोन मिनिटं.'

सप्टेंबरात हेलीन चक्रीवादळ आलं. आलं तरी कसलं, आमच्यापासून शंभराहून जास्त मैलांवरून, समुद्रातूनच वर गेलं. २६ तारखेच्या रात्री ते जमिनीवर चढलं तेही पार उत्तरेला, बिग बेंडकडे. "आपल्याकडे कुठे येतंय" म्हणत ग्रुपवर त्या दिवशीही चहाचे फोटो पडत होते. झोन एला निघायचा हुकूम झाला होता. निघताना माझे हातपाय गळाले. नवरा गाडीतून हॉर्न वाजवतोय, लेक रडतेय, आणि मी फ्रिजसमोर ठोंब्यासारखी उभी. समोर ती यादी. दोन मिनिटं. आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण रुमालात गुंडाळले आणि तिथून पुढे हात आपोआप चालू लागले.

रात्री खाडीचं पाणी चढलं. परतलो तेव्हा भिंतींवर कमरेएवढी रेघ होती. देव्हारा फुगून उसवला होता. तो रिकामा होता, एवढंच मी बघत राहिले.

पुढचं काय सांगू? ओल्या गाद्या, सोफे रस्त्याकडेला अजून तसेच पडलेले, आणि तेराव्या दिवशी दुसरं वादळ, मिल्टन. तोवर आम्ही मैत्रिणीकडे आत लांब होतो आणि तुम्ही लेकीकडे.

वादळानंतर मदतीला आलेले थोडे नव्हते. अनोळखी मुलांनी आमच्या ओल्या भिंती फोडून दिल्या, त्यांचे उपकार आहेतच. पण आभाळ निरभ्र असताना दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवायची, समोरच्याचं तोंड वाकडं झालेलं दिसलं तरी उठून जायचं नाही, याला नुसतं चांगुलपण पुरत नाही, थोडा कोडगेपणाही लागतो. तो तुमच्याकडे होता. तुमचंही घर बुडालं, तरी "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही. मी तुमच्या जागी असते तर निदान एजंटला तरी ऐकवलं असतं.

आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. यादी नव्या फ्रिजवर आहे, पाण्याने शाई पसरलीय, पण वरची ओळ वाचता येते.

आणि हो, तुमचा पिवळा टॉर्च माझ्याकडेच राहिलाय. लेकीचा पत्ता कळवा, पाठवते. सेल नवे घातलेत.

तुमची,
पलीकडच्या घरातली