स्टेडियम शहरात आणा, त्याचे पार्किंग मात्र आणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्टेडियम भर शहरात असावे की वेशीबाहेर, हा वाद आपल्याकडे मुंबईतले वानखेडे आणि पुण्याबाहेरचे गहुंजे या दोन नावांभोवती फिरतो. त्यात अमेरिकेतल्या बेसबॉल स्टेडियमचा दाखला दिला जातो: बाल्टिमोरने शहराच्या मधोमध स्टेडियम बांधले आणि त्या भागाचा कायापालट झाला. दाखला खोटा नाही, पण अपुरा आहे. त्या स्टेडियमचे भले-बुरे दोन रुक्ष कागदांवर ठरते. एक पार्किंगचा आराखडा, दुसरा शहर आणि संघमालक यांच्यातला करारनामा. चर्चा मात्र होते ती स्टेडियमच्या संकल्पचित्रांची.

बाल्टिमोरचे कॅम्डन यार्ड्‌स 1992 साली एका जुन्या रेल्वे यार्डाच्या जागी उभे राहिले. यार्डालगतचे 1,016 फूट लांबीचे विटांचे गोदाम न पाडता त्यांनी मैदानाच्या उजव्या अंगाला तसेच ठेवले. त्यानंतर डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो, मिनिआपोलिस अशी रांगच लागली. त्याआधीची रीत वेगळी होती. 1962 मध्ये सुरू झालेले लॉस एंजेलिसचे डॉजर स्टेडियम मध्यवस्तीपासून फार दूर नाही, पण एका टेकाडावर, 16,000 गाड्यांच्या पार्किंगच्या मधोमध बसले आहे. एका गाडीला ये-जा करण्याच्या वाटेसह साधारण 300 चौरस फूट जागा लागते. म्हणजे 16,000 गाड्यांना 48 लाख चौरस फूट, जवळपास 110 एकर. याउलट मिनिआपोलिसचे सुमारे 38,500 आसनांचे टार्गेट फील्ड अवघ्या साडेआठ एकरांच्या आसपास मावले आहे. डॉजरसारखे पार्किंग सोबत घेऊन स्टेडियम शहरात आणायचे, तर ज्या दुकानांचा धंदा वाढावा म्हणून ते आणायचे, तीच दुकाने आधी पाडावी लागतील. शिवाय गाडीतून थेट गेटवर आणि गेटवरून थेट गाडीत, असा प्रेक्षक आसपासच्या कुठल्याच हॉटेलात पाऊल टाकत नाही. त्याचा सगळा पैसा आतल्या स्टॉलवर खर्च होतो.

मिनिआपोलिसने हे कसे जमवले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. जागा अतिशय अडचणीची. एका अंगाला रेल्वेमार्ग, एका अंगाला द्रुतगती महामार्ग, शेजारी शहराचा कचरा जाळणारा प्रकल्प. इमारतीचा काही भाग चक्क या मार्गांवर पुढे काढला आहे. स्टेडियमसाठी नवे मोठे पार्किंग बांधले नाही, कारण महामार्ग शहरात शिरतो तिथे ऑफिसच्या लोकांसाठी बांधलेली तीन बहुमजली वाहनतळे आधीपासून होती. ऑफिसच्या गाड्या पाच-सहाला निघतात, सामना सातच्या सुमारास सुरू होतो. तीच जागा दिवसातून दोनदा वापरात येते. वाहनतळ ते मैदान अशी महामार्गावरून जाणारी रुंद पायवाट बांधली. लाइट रेलचे, म्हणजे शहरात धावणाऱ्या छोट्या रेल्वेचे, स्थानक दारातच. लोक शहराच्या रस्त्यांवरून चालत मैदानात जातात, आणि आजूबाजूच्या खाणावळींचा धंदा होतो तो या चालण्यामुळेच.

यातही गफलत होऊ शकते. बाहेरगावच्या संघाला रात्री परतीचा प्रवास असला की मधल्या वारी दुपारी एकचा सामना ठेवतात. त्या वेळी वाहनतळ ऑफिसच्या गाड्यांनी भरलेले असते आणि गणित कोलमडते. म्हणून पार्किंगचा आराखडा तपासताना संध्याकाळचा नव्हे, आठवड्यातल्या दुपारचा दिवस धरायचा. दुसरी अडचण सामना संपल्यावरची. लोक तीन तासांत थोडे थोडे येतात, जातात मात्र अर्ध्या तासात. तीन डब्यांच्या लाइट रेलमध्ये साधारण 500 माणसे मावतात. दहा हजार जण रेल्वेने परतणार असतील, तर वीस गाड्या हव्यात. दर चार मिनिटांनी एक सोडली तरी ऐंशी मिनिटे लागतात. वानखेडे हे गणित पेलते, कारण चर्चगेट आणि मरीन लाइन्स चालत गाठता येतात आणि बारा डब्यांची एक लोकल गर्दीत तीन-साडेतीन हजार माणसे सहज घेऊन जाते. गहुंजेला किंवा नागपूरच्या जामठ्याला हा आधार नाही. लोकलमधून उतरून चालत जावे असे गहुंजे नाही, आणि जामठा खापरीच्या मेट्रो स्थानकाच्याही बरेच पुढे आहे.

जागेची आणखी एक अडचण खेळातलीच आहे. 1958 नंतर बांधलेल्या मैदानांत घरच्या प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून, कुंपण दोन्ही कडांना किमान 325 फूट आणि मध्ये 400 फूट असावे असा नियम आहे. मावळतीचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे, म्हणजे धावण्याच्या चौकोनातल्या समोरच्या कोपऱ्याकडे, जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी अशी शिफारसही आहे. शहरातला भूखंड यासाठी कापलेला नसतो. सॅन फ्रान्सिस्कोत उजव्या कडेला खाडीचे पाणी आडवे आले, तेव्हा 309 फुटांवरच थांबून 24 फूट उंच भिंत बांधावी लागली. सॅन डिएगोत 1909 ची एक विटांची इमारत आड येत होती. ती पाडली नाही. तिचा कोपराच डाव्या फाउल पोलचे, म्हणजे मैदानाची वैध हद्द दाखवणाऱ्या खांबाचे, काम करतो आणि तिच्या मजल्यांवर प्रेक्षक बसतात. अशा तडजोडींमुळे ही मैदाने त्या त्या शहराची वाटतात. मध्यवस्तीच्या बाजूने बोलणारा हा खरा मुद्दा आहे.

आता पैसा. बेसबॉलच्या हंगामात 162 सामने, त्यातले 81 घरच्या मैदानावर. वर्षाचे 284 दिवस तिथे सामना नसतो, आणि खालच्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दुकाने काढली नाहीत, तर त्या दिवसांत पादचाऱ्याच्या वाट्याला कोऱ्या भिंती येतात. सॅन डिएगोच्या करारातली चांगली बाजू अशी की स्टेडियमवर झालेल्या 1998 च्या मतदानानंतर संघमालकाच्या कंपनीवर आजूबाजूला हॉटेले आणि इतर इमारती उभारण्याची जबाबदारी आली. त्यांच्या कररूपी उत्पन्नावर शहराच्या वाट्याचा हिशेब बसवला होता. कोर्टकज्ज्यांनी मध्ये वर्षाहून अधिक काळ बांधकाम ठप्प झाले आणि स्टेडियम 2004 मध्ये उघडले, तरी ते कलम महत्त्वाचेच.

अँड्र्यू झिम्बलिस्ट, रॉजर नॉल यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ अनेक वर्षे एक गोष्ट सांगत आले आहेत: सामन्याला खर्च होणारा बहुतांश पैसा नवा नसतो. तोच माणूस तेच पैसे सिनेमाला किंवा जवळच्या हॉटेलात खर्च करणार असतो. म्हणून ‘इतक्या कोटींची उलाढाल’ हा आकडा पाहताना त्यातला बाहेरगावच्या प्रेक्षकांचा वाटा किती, हे आधी विचारायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोचे 2000 सालचे स्टेडियम जवळजवळ पूर्ण खासगी पैशातून झाले. डेन्व्हरने सहा काउंटींत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, 0.1 टक्के विक्रीकर लावला आणि कर्ज ठरल्यापेक्षा बरेच आधी फेडले. मिनिआपोलिसच्या काउंटीने 0.15 टक्के कर लावला, म्हणजे वीस डॉलरच्या खरेदीवर तीन सेंट, आणि त्यातला काही वाटा ग्रंथालये अधिक वेळ उघडी ठेवायला व मुलांच्या खेळासाठी दिला. अटलांटात मात्र संघाने टर्नर फील्ड वीस हंगामांनी सोडले आणि 2017 मध्ये शेजारच्या कॉब काउंटीतल्या नव्या स्टेडियममध्ये बस्तान हलवले. भाडेकरार वीस वर्षांचाच होता. कर्जाची मुदत आणि भाड्याची मुदत जुळत नसेल, तर शहराच्या गळ्यात काय पडते याचा विचार त्यावरून करावा.

कॅन्सस सिटीत 2024 मध्ये मध्यवस्तीतल्या स्टेडियमची जागा फेब्रुवारीत जाहीर झाली आणि मतदान होते 2 एप्रिलला. 40 वर्षांसाठी तीन अष्टमांश टक्के विक्रीकर मागितला होता. त्या जागी चालती दुकाने आणि छोटे व्यवसाय होते. जेमतेम सात आठवड्यांत कोणाला काय मिळणार आणि कोणाला उठावे लागणार हे लोकांना नीट सांगताच आले नाही, असे माझे मत आहे. सुमारे 58 टक्के मतदारांनी नकार दिला.

आपल्याकडे हा नमुना उचलताना एक फरक विसरू नये. तिथले सगळे गणित 81 दिवसांवर उभे आहे. आयपीएलच्या संघाला घरच्या मैदानावर साखळीत सातच सामने मिळतात. त्यात काही आंतरराष्ट्रीय सामने धरले तरी संख्या फार वाढत नाही. एवढ्या दिवसांसाठी कुठलेही हॉटेल आणि कुठलाही दुकानदार भाडे भरू शकणार नाही. म्हणून आपल्या शहरांत नव्या स्टेडियमची घोषणा झाली की आपल्या दैनिकाने चित्राशेजारी चार गोष्टी छापाव्यात ही विनंती: वर्षातले सामन्यांचे दिवस, दुपारच्या सामन्याचा पार्किंग आराखडा, वाढीव खर्च कोणाच्या माथी येणार ते कलम, आणि मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची ते कलम.

आपला,
एक वाचक, पुणे