साहेब, आग्रह झाला तरी आता नको

मा. सुशीलकुमार शिंदे साहेब,
माजी केंद्रीय गृहमंत्री

सादर नमस्कार.

२०२३च्या ऑक्टोबरात तुम्ही निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केलीत. पण आपलं सोलापूर तुम्हाला माहीतच आहे. लोकसभेचा विषय निघाला, की पार्क चौकात चहा पिता पिता कुणीतरी म्हणतोच, ‘साहेब स्वतः उभे राहिले पाहिजेत.’ असा आग्रह घेऊन माणसं तुमच्या दारातही येत असतील. त्यांच्याआधी माझं पत्र पोचावं, एवढाच हेतू.

तुमच्याबद्दल राग म्हणून लिहीत नाही. याच गावच्या कोर्टात पट्टेवाला असलेला माणूस, पुढे फौजदार, १९७४ला करमाळ्यातून आमदार आणि २००३ला मुख्यमंत्री. हे आम्ही मुलांना अजून सांगतो. ऊर्जा खातं तुमच्याकडे होतं म्हणून फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा एनटीपीसी प्रकल्प आला, हे विरोधकही नाकारत नाहीत. (त्याच खात्याच्या तुमच्या शेवटच्या दोन दिवसांत, जुलै २०१२ला, निम्म्या देशाची वीज गेली आणि लगेच तुम्हाला गृह खातं मिळालं, यावर आमच्याकडे अजून विनोद चालतात. तुम्हीही हसला असाल.)

माझं म्हणणं २०१९च्या लोकसभेबद्दल आहे. २०१४ला भाजपच्या शरद बनसोडेंनी तुम्हाला जवळपास दीड लाखाने हरवलं. मोदी लाट होती, भलेभले पडले, त्याचं काही नाही. पण पाच वर्षांनी तुम्ही परत अर्ज भरलात. वय सत्त्याहत्तर. ही शेवटची निवडणूक, असं सांगून मतं मागितलीत. २०१४ला तुम्हाला ३ लाख ६८ हजार मतं होती, २०१९ला ३ लाख ६६ हजार. पाच वर्षांत मतदार यादीत केवढी पोरं नव्याने आली, सरकारवर नाराज झालेलेही कमी नव्हते. तरी तुमचा आकडा जागचा हलला नाही. जुनी माणसं तुमच्यासाठी आली, नवं कुणी आलं नाही.

‘वंचितच्या प्रकाश आंबेडकरांनी मतं खाल्ली’ ही सबब मी शंभरदा ऐकली आहे. त्यांना १ लाख ७० हजार मिळाली, विजयी झालेल्या भाजपच्या जयसिद्धेश्वर महास्वामींना ५ लाख २५ हजार. बेरीज मांडली तर तुम्ही निवडून येता, हे खरं. पण जी मतं दुसऱ्याला पडली ती आपली होती, असं धरून का चालायचं? ती माणसं तुमच्यापासून का तुटली, हे विचारायला कोण गेलं होतं?

कोणीच नाही, कारण जायला माणूस नव्हता. त्या निवडणुकीत पूर्व भागातल्या आमच्या बूथबाहेर आपल्या काँग्रेस पक्षाच्या टेबलावर तिघे बसले होते. एक निवृत्त गिरणी कामगार, एक बिडी कारखान्यातला मुनीम, तिसऱ्यांना चष्म्याशिवाय यादीतलं नाव सापडेना. सगळ्यांत तरुण साठीचा. डोक्यावर टोपी, समोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. दुपारच्या उन्हात हलले नाहीत बिचारे. समोरच्या पक्षाच्या टेबलावर पंचविशीतली पोरं होती. मोबाइलवर नाव काढून देत होती आणि कुणाच्या घरातलं मत राहिलंय ते बघून रिक्षा पाठवत होती. दोन टेबलांत अंतर पन्नास पावलांचं असेल.

साहेब परत येणार हे पक्षात सगळ्यांना ठाऊक असलं, की खालचा माणूस वाट बघत बसतो. यंत्रमाग कामगारांचा प्रश्न घेऊन उभा राहावा, पाण्यासाठी महापालिकेवर मोर्चा न्यावा, आपलं नाव करावं, असं त्याला वाटत नाही. तिकीट ठरलेलंच आहे म्हटल्यावर कोण कशाला उन्हातान्हात फिरेल? उजनी धरण उशाला असून आम्ही दिवसाआड पाण्यालाही महाग आहोत. या एका विषयावर नवा नेता उभा राहिला असता. तुमच्या सावलीत तो उगवला नाही.

त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात शरद पवारांनी माढ्यातून लढायचं म्हणून सांगितलं आणि नंतर माघार घेतली. त्यामागे कुटुंबाचं गणित होतं, वाऱ्याची दिशाही दिसली असेल. मी काही त्यांना त्यागमूर्ती म्हणत नाही. माढा त्यांच्या पक्षाने तेव्हा गमावलंच. पण २०२४ला धैर्यशील मोहिते-पाटील तिथून पवारांच्याच पक्षाच्या तुतारी चिन्हावर निवडून आले.

परत आलेला म्हातारा जिंकतच नाही असंही नाही. मलेशियात महाथिर मोहम्मद २०१८ला ब्याण्णवव्या वर्षी पंतप्रधान झाले. दोन वर्षांत सरकार कोसळलं आणि २०२२ला त्यांचं डिपॉझिट गेलं.

आता थोडं कडू. २०२४ला तुम्ही जागा सोडलीत, पण सोडलीत ती घरातच. २००४ला तुमच्या पत्नी उज्ज्वलाताई उभ्या होत्या, आता कन्या प्रणितीताई. ताई स्वतःच्या बळावर तीनदा आमदार झाल्या होत्या आणि लोकसभाही ७४ हजारांनी जिंकल्या, म्हणून त्यांना नुसतं वारसदार म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्या दिल्लीला गेल्या आणि सहा महिन्यांत त्यांचीच शहर मध्य विधानसभा भाजपच्या देवेंद्र कोठेंकडे गेली. राज्यभर महायुतीचं वारं होतं, मान्य. तरी तीन वेळा जिंकलेल्या मतदारसंघात ताईंच्या मागे दुसरं नाव लोकांच्या तोंडी नव्हतं, हेही तितकंच खरं.

म्हणून विनंती. २०२९ला कोणी आग्रह केला, हायकमांडचा निरोप आला, तरी अर्ज भरू नका. आणि नुसते घरी बसूनही राहू नका. सहाही विधानसभा मतदारसंघांत पस्तिशीच्या आतली दहा-दहा माणसं शोधा. तुमच्या घरची नकोत, तुमच्या जुन्या कार्यकर्त्यांची मुलंही नकोत. कोर्टाची पायरी, पोलिसांची चौकी, मंत्रालयातली फाईल, हे तुम्हाला जेवढं कळतं तेवढं आज शहरात फार थोड्यांना कळतं. ते त्यांना शिकवा. महिन्यातून एक रविवार पुरे.

आमच्या बूथवरून तीन नावं मी देतो. एक मुलगी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिते आणि गल्लीतल्या पाण्यासाठी झोन ऑफिसात एकटी जाऊन भांडते. तिला आजवर कुठल्याच पक्षाने विचारलेलं नाही.

आपला,
पूर्व भागातला एक मतदार
सोलापूर