विश्रामबागच्या वहिनींना, जाहीर आभार

वहिनी, सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या, लग्नाआधी पुण्यात कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीत रिक्रूटर असलेल्या वहिनी, एवढं वाचलं की तुम्हाला कळेल. समोर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय. शिवाय सांगली-मिरजेत माझ्यासारखी पुष्कळ मुलं आज फोनकडे बघत बसली असतील, त्यांनाही तुमचं सांगणं उपयोगी पडावं.

पुण्यातला प्रोजेक्ट बंद झाला, कंपनीनं आमची अख्खी टीम कमी केली आणि मी घरी आलो. जावा आणि स्प्रिंग बूट या प्रोग्रामिंगच्या साधनांवर काही वर्षं काम केलेलं होतं, त्यामुळे नकार पचवायची तयारी होती. पण नकारसुद्धा येत नव्हता. सकाळी रिक्रूटरचा फोन यायचा: करंट सीटीसी (म्हणजे वर्षाचा एकूण पगार) किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड आहे का, लगेच जॉइन व्हाल का? मग, "प्रोफाइल एकदम मॅच होतंय, संध्याकाळपर्यंत कळवते." त्यानंतर मेलला उत्तर नाही, व्हॉट्सॲपवर नुसत्या निळ्या खुणा. एका ठिकाणी तर टेक्निकल राउंड नीट पार पडले, मॅनेजर मोकळेपणानं बोलले, आणि पुढं कुणी फोनच उचलेना. आई रोज विचारायची, "आला का रे फोन?" नंतर तिनं विचारणंच सोडलं, आणि ते जास्त लागलं. समोरून काहीच कळलं नाही की माणूस स्वतःतच खोट शोधायला लागतो.

तुम्ही हे ओळखलंत. मुलाला शाळेत सोडून आल्यावर मला व्हरांड्यात बसवलंत आणि पहिल्यांदा विचारलंत, "फोन करणारी मुलगी कंपनीची आहे का कन्सल्टन्सीची, ते विचारतोस का?" हा फरक मला कुणी सांगितलाच नव्हता. कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, तेही बहुतेक वेळा उमेदवार जॉइन झाल्यावर. तोपर्यंत कन्सल्टन्सीच्या हातात काही पडत नाही. एकाच जागेवर तीन-चार कन्सल्टन्सी धावत असतात. जागा मध्येच होल्डवर जाते, बजेट कापलं जातं, आतलाच कुणीतरी घेतला जातो, आणि हे तिलाही कुणी कळवत नाही. तुमच्या ऑफिसात संध्याकाळी हिशोब व्हायचा तो किती प्रोफाइल पाठवले आणि किती इंटरव्ह्यू लागले याचा. "नकार कळवायचा रकानाच नव्हता शीटमध्ये," असं तुम्ही म्हणालात. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. माझ्या जावामध्ये खोट होती म्हणून फोन थांबले नव्हते.

मग तुम्ही कामाला लावलंत. पहिल्याच फोनवर विचारायचं: जागा कुठल्या कंपनीची, ती आत्ता उघडी आहे का, आणि मी परत कधी विचारू? तारीख त्यांच्याच तोंडून घ्यायची. त्या तारखेला त्याच मेलखाली तीन ओळी लिहायच्या, आठवड्यानं एकदा आठवण करायची आणि मग ते नाव वहीत खोडून पुढं जायचं. त्या खोडण्यानं मला किती बळ दिलं ते तुम्हाला माहीत नसेल. वाट बघणं कधी थांबवायचं हे माझ्या हातात आलं.

वहीचा दुसरा उपयोग तर मी कुठंच ऐकला नव्हता. दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीला एकच रेझ्युमे पाठवला, तर कमिशन कुणाचं यावरून वाद होतो आणि कंपनी कधी कधी तो उमेदवारच बाजूला ठेवते. म्हणून कुणी कुठं पाठवलं ते तारखेसह लिहून ठेवायचं आणि मेलवर माझा होकार घेतल्याशिवाय पाठवू नका म्हणून स्पष्ट सांगायचं.

रेझ्युमेचीही परीक्षा तुम्ही घेतलीत. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायला लावलात. दोन रकान्यांच्या देखण्या डिझाइनमध्ये कंपनीचं नाव एकीकडे, वर्षं दुसरीकडे, स्किल मधेच घुसलेले. "कंपनीचं सॉफ्टवेअरही असंच वाचत असेल तर?" एवढंच म्हणालात. साधा, एका रकान्याचा रेझ्युमे केला. नोकरी डॉट कॉमवर गाव सांगली होतं, तिथं पसंतीचं ठिकाण पुणे भरलं, कारण रिक्रूटर आधी शहराची चाळणी लावतात. आणि प्रोफाइल अधूनमधून अपडेट ठेवायचं, कारण हल्ली कोण सक्रिय आहे हेही त्या बघतात. मार्केट यार्डात मामांच्या अडतीसाठी मी हळदीचे सौदे नोंदवायचं छोटं ॲप केलं होतं. ते तुम्ही तळातून उचलून वर घ्यायला लावलंत. "रोज कुणीतरी वापरतंय ना? मग ते कॉलेजच्या प्रोजेक्टच्या खाली कशाला?"

ऑफर लेटरआधी "रजिस्ट्रेशन फी" मागणारा फोन आला, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून तो घेऊन बंद केलात. उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे मागणारा रिक्रूटर नसतोच, हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगतो.

शेवटी नोकरी लागली ती तुम्ही दाखवलेल्या दुसऱ्या वाटेनं. रिक्रूटर गप्प असेल तर त्या टीममधल्या इंजिनिअरला लिही, काम त्याच्या अंगावर पडलेलं असतं, माणूस त्याला हवा असतो, असं तुम्ही म्हणालात. मी तुमच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा नाही, पण तुम्ही तुमच्या बॅचच्या एका मैत्रिणीला सांगितलंत, तिनं एका डेव्हलपरशी गाठ घालून दिली. त्यानं हळदीच्या ॲपचा कोड वाचला, प्रश्न विचारले आणि आत रेफर केलं. तुम्ही त्या मैत्रिणीला माझी भीड घातली नव्हती, "कोड बघ आणि ठरव" एवढंच लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याबद्दल वेगळे आभार.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सहज बोलून गेलात की पुण्यात असताना शनिवारी स्वतःच्या वेळात, ज्यांचं झालं नाही त्यांना मेल टाकायचात. वरच्यांनी कधी सांगितलं नव्हतं, टार्गेटमध्ये धरलं जात नव्हतं. "निदान कळवलंत" म्हणून काहींची उत्तरं यायची, ती तुम्ही जपून ठेवली होतीत. वहिनी, त्या मेलची किंमत मिळणाऱ्यालाच कळते. त्या उमेदवारांच्या वतीनंही, त्यांना न विचारता, तुम्हाला धन्यवाद देतो.

आता आमच्या टीमसाठी मीही इंटरव्ह्यू घेतो. अभिप्राय त्याच संध्याकाळी लिहितो आणि उमेदवाराला कळवलं का, हे दोन दिवसांनी एचआरला विचारतो. आमच्या एचआर मॅडम म्हणतात, सिस्टिममधून आपोआप मेल जाऊ शकतो, पण त्याचा मजकूर इतका कोरडा आहे की पाठवावासा वाटत नाही. तुमचे शनिवारचे मेल कसे असायचे? एखादा जुना सापडला तर नावं काढून पाठवा. मराठीत असला तरी चालेल, इंग्रजी मी करून घेतो.

आपला नम्र,
शेजारच्या बिल्डिंगमधला