खरेदीखतातले तीन शब्द

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या घराच्या विक्रीबद्दल बोलताना, भूखंडावर रस्त्यासाठी बसलेल्या आकारणीवरून रविवारी फोनवर आईने विचारले होते, "रस्ता वापरणार तो घर घेणारा, मग त्याचे पैसे आपण का भरायचे?" तेव्हा मी घाईत काहीतरी उत्तर देऊन मोकळी झाले. त्यानंतर बाबांनी पाठवलेला खरेदीखताचा मसुदा दोनदा वाचला आणि आईचा प्रश्न किती रास्त होता ते कळले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मसुद्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे की, "सदर मिळकतीवरील आजपर्यंतची व यापुढे निघणारी सर्व सरकारी व निमसरकारी देणी लिहून देणार यांनी भागवावयाची आहेत." लिहून देणार म्हणजे विकणारे, म्हणजे आपण. यातले "व यापुढे निघणारी" हे तीन शब्द काढल्याशिवाय बाबांनी सही करू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रीच्या तारखेपर्यंत देय झालेली सार्वजनिक देणी विकणाऱ्याने द्यायची असतात आणि मालकी गेल्यानंतर देय होणारी विकत घेणाऱ्याने. मात्र हा नियम करारात वेगळे काही ठरले नसेल तेव्हाच लागू होतो, आणि आपल्या मसुद्यात नेमके ते वेगळे ठरवून ठेवले आहे. विक्रीची तारीख म्हणजे विसार (आगाऊ रक्कम) घेतल्याची किंवा साठेखताची (पुढे विक्री करण्याच्या कराराची) नव्हे, तर खरेदीखताची. साठेखताने मालकी जात नाही, त्यामुळे मधल्या महिन्यांचा मालमत्ता कर आपलाच.

आता आईचा रस्ता. आपला भूखंड नगररचना योजनेत आल्यामुळे त्यावर जे अंशदान बसले आहे, ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खालचे आहे. रस्ते, गटारे, पाण्याच्या वाहिन्या अशा कामांमुळे भूखंडाची किंमत जेवढी वाढेल असे धरले जाते, त्या वाढीच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत रक्कम या अंशदानातून योजनेच्या खर्चासाठी वसूल करता येते. म्हणजे हे पैसे रस्त्यावरून चालण्याचे नाहीत, भूखंडाच्या वाढलेल्या भावाचे आहेत. आणि तो वाढलेला भाव आपण गिऱ्हाइकाकडून घेतच आहोत. त्यामुळे विक्रीपूर्वी बसलेले अंशदान आपण भरावे, असे मला मनापासून वाटते. अडचण उरलेल्या तीन हप्त्यांची आहे. आकारणी आपल्या काळातली, पण हप्ता देय होणार विक्रीनंतर. अशा वेळी दोन्ही बाजूंना वाद घालायला जागा मिळते. तेव्हा हे हप्ते खरेदीखताआधी एकरकमी भरावेत, नाहीतर तेवढी रक्कम मोबदल्यातून, म्हणजे विक्रीच्या किमतीतून, वजा करून ते लिहून घेणार (खरेदीदार) यांनी भरावेत, असे आकड्यांसह दस्तात लिहावे. मी पहिला मार्ग निवडीन, कारण त्यात पावती आपल्या हातात राहते.

एजंट ज्याला विकास शुल्क म्हणतात, ते यात मिसळू देऊ नका. ते बांधकामाची परवानगी मागणाऱ्यावर बसते. घर पाडून नवे बांधायचे असेल तर ते खरेदीदारांनी पाहावे.

खरेदीदारांच्या वकिलांनी थकबाकी नसल्याचा दाखला मागितला म्हणून बाबांना राग आला, असे आई म्हणाली. बाबा, तो तुमच्यावरचा अविश्वास नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम 141 प्रमाणे थकलेल्या मालमत्ता कराचा बोजा मिळकतीवरच राहतो, मालक कोणीही असो. बोज्याची कल्पना नसलेल्या खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या एका प्रकरणात संरक्षण दिले खरे, पण ज्याने चौकशीच केली नाही त्याला "मला ठाऊक नव्हते" हे सिद्ध करणे सोपे जात नाही. म्हणून ते आधीच विचारतात. तुमच्या निळ्या फाइलमध्ये तर प्रत्येक वर्षाची पावती टाचणीने लावलेली आहे. तिचा उपयोग होण्याची हीच वेळ आहे.

एक काम मात्र दस्तानंतरचे आहे आणि तेच बहुतेक जण विसरतात. मिळकत हस्तांतरित झाल्याची लेखी सूचना विकणारा आणि घेणारा या दोघांनीही तीन महिन्यांच्या आत महापालिकेला द्यायची असते. ती दिली नाही, तर कराची जबाबदारी जुन्या मालकाच्या मागे राहते. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांना घर विकल्यावर चार वर्षांनी जप्तीची नोटीस आली होती, ती एवढ्याच कारणाने. खरेदीदार "नाव मी लावून घेतो" म्हणाले, तरी आपला अर्ज आपण स्वतः द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा.

सातवे कलम दुरुस्त करून मी सोबत पाठवत आहे. त्यात "खरेदीखताच्या तारखेपर्यंत देय झालेली" असे घातले आहे आणि अंशदानाच्या हप्त्यांसाठी वेगळे वाक्य जोडले आहे. रकमेची जागा कोरी आहे. बाबा, महापालिकेच्या शेवटच्या पत्रावरची बाकी पाहून ती जागा भरा आणि मगच मसुदा वकिलांकडे द्या. आईला सांगा, सहीच्या दिवशी मी रजा काढून येत आहे.

तुमची,
लेक