चुकण्यासाठीही एक लेखाशीर्ष हवं

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी एका छोट्या सामाजिक संस्थेत हिशेब लिहितो. गेल्या वर्षी आमच्या अनुदानाचा पहिला हप्ता २६ मार्चला खात्यात पडला आणि ३१ तारखेपर्यंत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, मागितलं गेलं. पाच दिवसांत वर्षभराचा खर्च कसा बसवायचा, हे आमच्यासारख्यांना येतं. कसं, ते खुल्या पत्रात लिहीत नाही.

पण तक्रार फक्त उशिराची नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून दोन वर्षं गावांत मुख्यतः मोजणीच केली. किती बाळं जन्मली, किती आजारी पडली, किती दगावली. मग १९९५ पासून ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही घरोघरची बाळसेवा आशाताईंमार्फत देशभर नेली. तेवढा पल्ला कुठल्याही संस्थेला झेपला नसता, तो सरकारलाच झेपतो. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं आणि पुढे गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं, त्याचं मोलही जगाला आधी कळलं, आपल्याला नंतर.

आता गडचिरोलीचा तो प्रयोग १९९३ साली आपल्या अनुदानाच्या अर्जात भरून पाहा. ‘अपेक्षित लाभार्थी’ या रकान्यात काय लिहिणार? ‘चालू वर्षातील भौतिक उद्दिष्ट’? मोजणी! छाननीतच फाइल परत आली असती. तेव्हा पैसा परदेशी फाउंडेशनांकडून आला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती वाटही अरुंद झाली, पण तो विषय दिल्लीचा. सीएसआरचे, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामांवर खर्चायचे, दोन टक्के आहेत खरे, पण कायद्यानेच कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. जिथे कारखाना नाही, तिथे परिसर कुणाचा?

स्टार्टअपसाठी राज्याने नावीन्यता सोसायटी काढली, छान केलं. स्टार्टअप बुडाला तर त्याला अनुभव म्हणतात. आमचा प्रयोग फसला तर वसुलीची नोटीस येते.

म्हणून अर्थसंकल्पात एक लहानसं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, ठेवा, प्रयोगांसाठी. मुदत निदान चार वर्षांची. त्यात कार्यकर्त्यांच्या पगाराला जागा हवी. सतरंज्या आणि बॅनरला मंजुरी मिळते, माणसाला मिळत नाही. निकाल बाहेरच्या कुणीतरी मोजावा आणि फसला तरी जाहीर करावा, म्हणजे पुढच्या संस्थेने तोच खड्डा पुन्हा खणायला नको. हिशेब मात्र पै-पैचा मागा. आमच्यातही नुसत्या लेटरहेडवर चालणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्यामुळे आम्हालाही दारात उभं राहावं लागतं, तेव्हा त्यांना हुडकून काढाल तर पहिला नमस्कार माझा.

आपला,
एका संस्थेचा हिशेबनीस

ता.क. दुसरा हप्ता अजून आलेला नाही. त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राचं स्मरणपत्र मात्र पोचलं.